दोरीवरच्या उड्या मोजणारी

आमच्या ऑफिसात दोन वर्षं एकच व्हिडिओ गेम शिजत होता: ‘मधली सुट्टी’. टीव्हीसमोर उभं राहायचं, दोन्ही मुठींत एकेक रिमोट धरायचा आणि शाळेच्या मैदानावरचे खेळ खेळायचे. रस्सीखेच, लिंबू-चमचा, पोत्यांची शर्यत, चेंडूची मारामारी, दोरीवरच्या उड्या. हात हलेल तसं पडद्यावरचं पोर हलतं. पहिले चार खेळ जुन्या मंडळींचे. दोरी मात्र आमच्यातल्या सगळ्यांत धाकट्या प्रोग्रामर मुलीची. तिचा पहिलाच स्वतःचा खेळ, आणि नेमका तोच अडला होता.

अडवला साहेबांनी. त्यांनी खुर्चीत रेलून मनगटं गरागरा फिरवली आणि शंभर उड्या मारल्या. त्यातल्या एकीतही त्यांचं पोट हललं नाही. घरोघरी पोरं हेच करणार, असं त्यांचं म्हणणं. शुक्रवारपर्यंत ही लबाडी बंद झाली तर ठीक, नाहीतर आपण चार खेळांवर भागवू. मुलीने नियम कडक केले, तर खरोखर उड्या मारणारेच बाद व्हायला लागले. मी स्वतः वीस मारल्या, गेमने अकरा धरल्या. उरलेल्या नऊ माझ्या गुडघ्यांनी मोजल्या.

बुधवारी चाचणीला साठीच्या पुढचे खेळाडू हवे होते. बाकीच्यांच्या आईवडिलांना अचानक कामं निघाली. मुलीची आई तेवढी आली. छत्तीस वर्षं शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली बाई. आल्या आल्या तिने वाकून बसलेल्या तिघांना पाठीवर टिचकी मारून सरळ केलं. चौथा आपणहून सरळ झाला.

तिने वीस उड्या मारल्या. पडद्यावर तेरा. तक्रार न करता तिने विचारलं, हा गेम मोजतो तरी काय? मुलगी म्हणाली, मनगट किती फिरलं ते.

“म्हणजे तू दोरी मोजतेस. उडी कुठे मोजतेस?”

मग तिने सांगितलं, मैदानावर एकशेवीस पोरं असायची आणि ती त्यांच्याकडे पाठ करून हजेरीपट भरायची. पोरांना वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. बाई पाय टेकल्याचा आवाज मोजत असायच्या. नुसती दोरी फिरवणाऱ्या पोराला बाई पाठमोऱ्याच नाव घेऊन पकडायच्या.

“आई, इथे पाय कुठून आणू? रिमोट हातात असतो,” मुलगी वैतागली.

आईने तिच्या तळव्यात आपलं कोपर दिलं, घट्ट धरायला सांगितलं आणि जागच्या जागी तीन उड्या मारल्या. मग खुर्चीत बसून तोच हात नुसता फिरवून दाखवला.

मुलीने आपल्या तळव्याकडे पाहिलं. “टेकताना धक्का येतो,” ती म्हणाली. “हातापर्यंत येतो.”

“मग तो मोज, बयो.”

पुढचे दोन दिवस मुलगी कोणाशी धड बोलली नाही. आमच्यातल्या प्रत्येकाला मात्र तिने किमान तीनशे उड्या मारायला लावल्या. ऑफिसातल्या माणसांचं खरं वजन त्या दोन दिवसांत खालच्या मजल्याला कळलं.

शुक्रवारी साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी मनगटं फिरवली. शून्य. जोरात फिरवली. शून्य. बॅटरी तपासली. शेवटी उठले. चौदाव्या उडीला त्यांचा शर्ट बाहेर आला, आणि पडद्यावर बरोबर चौदा. धापा टाकत ते म्हणाले, दोरी राहणार, आणि पाचांत पहिली राहणार. मग निकाल पाहायला पुन्हा येऊन दाराशी उभ्या असलेल्या आईकडे वळून तिचं अभिनंदन करायला लागले: कल्पना तुमची, अनुभव तुमचा, वगैरे.

तिने हात वर करून त्यांना थांबवलं. वर्गाला थांबवतात तसं.

“पाय वाजतात, एवढंच मी सांगितलं. ते शाळेतल्या शिपायालाही माहीत होतं. वाजलेलं त्या डबीला कळेल असं केलं माझ्या मुलीने. मला घरचा टीव्ही शेजारीण लावून देते.”

साहेबांनी मान डोलावली. मुलगी कानापर्यंत लाल झाली होती आणि उगाच वायर गुंडाळत होती. गुंडाळलेली सोडून तिने पुन्हा गुंडाळली.

बाईंना खाली सोडायला मी गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने काहीही विचारलं नव्हतं. त्याला त्यांनी सगळं सांगितलं, उड्यांच्या आकड्यासकट. बस थांब्यावर पिशवी घेऊन बसलेल्या एका अनोळखी बाईलाही सांगायला घेतलं, ते अगदी मुलीच्या शाळेतल्या पहिल्या दिवसापासून. एवढ्यात त्यांची बस आली. त्यांनी ती जाऊ दिली. सांगणं अजून दोरीपर्यंत पोचलं नव्हतं.