ताबुताची तिसरी बाजू

टाकवे बुद्रुकात ताजुद्दीन रंगाऱ्याच्या रेघेचं मोठं नाव होतं. बैलगाडीची फळी असो की कुणाच्या दाराची चौकट, त्याची रेघ ओळंबा लावल्यासारखी सरळ जायची. मोहरमचा ताबूतसुद्धा पंचवीस वर्षं त्याच्याच ओट्यावर उभा राहत होता. कळकाच्या कामट्यांचा मनोरा, त्याच्या चारी बाजूंना पांढरा कागद, कागदावर काळ्या शाईची जाळी आणि जाळीत बेगडाचे चमकते तुकडे. जाळीतला एक चौकोन जरी तिरका गेला, तरी हा गृहस्थ अख्खा ताव फाडून टाकायचा. त्याची बायको रोशनबी म्हणायची, ह्यांना तिरकी माणसं खपतात, तिरका चौकोन तेवढा खपत नाही.

छत्तीस साली मोहरम ऐन उन्हाळ्यात आला. आणि तोवर ताजुद्दीनचा हात थरथरायला लागून वर्ष होत आलं होतं.

त्याने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. चहाची बशी दोन्ही हातांनी धरायची, चारचौघांत बसलं की हात बगलेत दाबून ठेवायचा, असले नाना उद्योग तो करत होता. जणू गावाला डोळेच नाहीत. रोशनबीला अर्थातच सगळं ठाऊक होतं. पण तो आपणहून बोलत नाही तोवर विचारायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ताजुद्दीनचं मनातल्या मनात ठरून चुकलं होतं. हा ताबूत कसाबसा उभा करायचा आणि अंबाजी पाटलाला सांगून टाकायचं, की पुढच्या वर्षापासून दुसरा कारागीर बघा. ताबुतापुढे ठेवायचा गूळपोळीचा पहिला मलिदा पाटलाच्या घरून यायचा, तेव्हा सांगायचं तर त्यालाच. गाड्या काय, कुणीही रंगवेल. पण ताबूत दुसऱ्याच्या ओट्यावर उभा आहे आणि आपण गर्दीत उभे राहून बघतो आहोत, हे डोळ्यांपुढे आलं की तो बोरू खाली ठेवून ओट्यावरून उठायचा.

त्या साली नुसत्या दोन बाजूंनीच त्याचे सात दिवस खाल्ले. पुण्याहून आणलेले चार ताव जादा होते, ते चारही वाकड्या जाळ्यांनी वाया गेले. या खेपेला ते फाडण्याइतकाही राग त्याच्यात उरला नव्हता, त्याने ते कोपऱ्यात टाकून दिले. आठव्या दिवशी सकाळी त्याच्यापुढे दोनच कोरे ताव होते आणि दोनच बाजू. दुसऱ्या दिवशी दुपारी लोक यायचे होते.

त्याची कामाची रीत ठरलेली. कागदावर आधी तुरटीचं पाणी फिरवायचं आणि तो पुरता एक दिवस वाळू द्यायचा, म्हणजे शाई फुटत नाही. पण वाळवायला दिवस होता कुठे? त्याने ओल्या कागदालाच हात घातला. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर ताजुद्दीनने त्याला ओट्यावर चढू दिलं नसतं.

हिरडे उकळून, हिराकस घालून घरीच केलेली शाई करवंटीत होती. बोरू बुडवताना हाताला झटका बसला आणि करवंटी कागदाच्या मधोमध उपडी झाली. रोशनबी आत कैऱ्यांना मीठ चोळत बसली होती. आवाज ऐकून ती धावत बाहेर आली आणि हातातलं खडेमीठ तिने तसंच त्या शाईवर फेकलं. तेल सांडलं की मीठ टाकायचं, ही तिची जन्माची सवय. शाईला कुणी मीठ टाकतं का, म्हणून ताजुद्दीन तिच्यावर खेकसला. पण खेकसण्यातही त्याचा जीव नव्हता. तो भिंतीला टेकून बसला. आता कागद आणायला पुण्याला जाणार कधी आणि परत येणार कधी? सुकलं की झाडून घेते, एवढं म्हणून रोशनबी आपल्या कैऱ्यांकडे गेली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा कागद वाळला होता. टाकायचा तर टाकू, म्हणून ताजुद्दीनने तो उचलला आणि वरचं मीठ झटकलं.

प्रत्येक खड्याने आपल्याभोवतीची शाई पिऊन घेतली होती आणि खाली एकेक पांढुरकी चांदणी सोडली होती. कुठे दाट, कुठे विरळ. शाईच्या कडा ओल्या कागदात केसासारख्या बारीक फुटत गेल्या होत्या. ताजुद्दीन बघतच राहिला. आपण न काढलेली एकही गोष्ट पंचवीस वर्षांत त्याच्या कागदावर कधी उमटली नव्हती. त्याला पहिल्यांदा चक्क भीती वाटली. मग हळूहळू फार बरं वाटलं.

चौथी बाजू तशीच करायची, असं त्याने ठरवलं. आधी वाया गेलेल्या तावांच्या पाठीवर करून बघावं, म्हणून त्याने तुरटीचं पाणी फिरवलं, शाई ओतली आणि चिमटीने एकेक खडा ओळीत मांडला. सवयच ती. वाळल्यावर बघतो तर ठिपक्यांची रांगोळी. रोशनबी पाठीमागे उभी होती.

"मोजून काय टाकताय? म्या कालवणात टाकते तसं टाका," ती म्हणाली.

दुसऱ्या तावावर त्याने डोळे मिटून मूठ सोडली, आणि तो जमला. मीठ टाकताना हात थरथरला तरी काहीच बिघडत नव्हतं, उलट खडे छान विखुरत होते. मग त्याने चौथी बाजू केली. बेगड कुठे लावायचं हेही त्याने आधी ठरवलं नाही. डाग जिकडे गेला तिकडे कडेकडेने लावत गेला. कित्येक महिन्यांत काम करताना तो गुणगुणला नव्हता. त्या रात्री गुणगुणला.

नवव्या दिवशी ताबूत उभा राहिला. दोन बाजूंना जाळी, दोन बाजूंना चांदण्या. दुपारी अंबाजी पाटील मलिदा घेऊन आला. दरसाली तो परात ठेवायचा, हात जोडायचा आणि बैठकीत जाऊन बसायचा. त्या दिवशी हात जोडून झाल्यावर तो तिसऱ्या बाजूपुढे उभाच राहिला. त्याच्यामागे आणखी चारजण येऊन थांबले.

"ताजुभाई, ह्या चांदण्या कशा काढल्या?"

काढल्या म्हणून सांगितलं असतं, तर कुणाला कळलं असतं? पण ताजुद्दीनला लपवालपवीचा कंटाळा आला होता.

"म्या न्हाई काढल्या, पाटील. शाई सांडली. साल झालं, हात कापतोय माझा. रेघ वडता येत न्हाई आता. तुमी दुसरा कारागीर बघा."

अंबाजीने ताबुताकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"खोटं कशापाई बोलू?" तो म्हणाला. "पंचवीस वर्सं तुमच्या रेघा हुत्या. म्या कदी थांबून बघितल्या न्हाईत. आज थांबलो."

हे ताजुद्दीनला झोंबलं. फाडलेले ते सगळे ताव त्याच्या डोळ्यांपुढून गेले. पण पाटील खरं बोलत होता, आणि अजून तिथेच उभा होता.

सांडलं म्हणता, मग असं कसं झालं, असं पाटलाने विचारलं. ते तिला विचारा, म्हणून ताजुद्दीनने दाराकडे बोट केलं. एवढ्या वर्षांत पाटील रोशनबीशी क्षेमकुशलापलीकडे बोलला नव्हता. तो दाराकडे वळला आणि म्हणाला, "वहिनी, तुमी काय केलं?"

"काय न्हाई, भाऊ," दाराआडून रोशनबी म्हणाली. "मूठभर मीठ टाकलं. पुढल्या साली दोन मुठी काढून ठिवते."

ताजुद्दीनला त्यातलं 'पुढल्या साली' एवढंच ऐकू आलं. त्याने पाटलाकडे पाहिलं. पाटील मान डोलावत होता.