बुरुलच्या डोक्यावरचा कल्पाक

मित्रांनो, मी एक जुना कल्पाक आहे. नारीनच्या डोंगरांत पुरुष लोकर थापून केलेली उंच पांढरी टोपी घालतात ना, तीच. मेंढीच्या पाठीवरून उतरलो, गरम पाण्यात भिजलो, बायकांनी मला लाटलं, तुडवलं, आणि सायराकान आजीने काळ्या दोऱ्याने शिवलं. तेव्हा मी इतका उंच होतो की जाणारे ढग माझ्या टोकाला अडकायचे. एकदा वाऱ्याने मला खिंडीपलीकडे नेलं, तिथे माझ्या पोटात गरुडाची दोन पिल्लं वाढली. खोटं वाटत असेल तर गरुडाला विचारा.

माझा मालक जुमाश. गावाचे घोडे तो राखायचा. तो गेला आणि मी भिंतीवर टांगून राहिलो. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. कोणी हळहळलं नाही, मीही नाही.

मग एक दिवस जुमाशच्या मुलीने, बुरुलने, मेंढ्यांच्या कात्रीने आपल्या वेण्या कापल्या, मला झटकलं आणि डोक्यावर चढवलं. बापाचे घोडे आता ती राखू लागली. लोक कुजबुजले, पण घोड्या तिचं ऐकत होत्या, म्हणून गप्पही बसले.

वसंतातल्या शर्यतीत तोकोन म्हाताऱ्याचा घोडा शेवटून पहिला आला. घोडा जाडा होता हे सगळ्यांना दिसत होतं. दोष मात्र माझ्या माथी आला.

कळप उन्हाळी कुरणाकडे निघायचा, त्याच सकाळी तोकोनने बुरुलला अडवलं. त्याच्यामागे गावचे पुरुष उभे होते.

"बाईने कल्पाक घातला की अपशकुन होतो. तो चुलीत टाक, डोक्याला रुमाल बांध. नाहीतर घोडे दुसरा कोणी नेईल."

"बाबा गेल्यापासून घोडे मीच राखतेय, अक्साकाल," बुरुल म्हणाली. वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्याकडे असंच म्हणतात.

"मुलगी आहेस की मुलगा, ते तरी एकदा ठरव!"

"घोड्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. तुम्हालाच का वाटतं?"

बुरुलचा आवाज शांत होता, पण मी तिच्या कपाळावर होतो. तिथली शीर उडत होती. कुरणावर जाण्याखेरीज तिला दुसरं काही नको होतं.

"उद्या मी कमरेला फडकं बांधून पाव भाजायला बसू का?" तोकोन गरजला.

"बस की," मागून सायराकान आजी म्हणाली. "तंदूर कुठे आहे ते तरी कळेल."

बायका फिदीफिदी हसल्या. आजी पुढे आली. "तोकोन, तुझा कल्पाक कोणी शिवला?"

"तूच, एने," तोकोन आजीला मानाने म्हणाला. "या गावात सगळ्यांचे तूच शिवतेस."

"आणि माप कशावर बघते? भोपळ्यावर? प्रत्येक कल्पाक आधी माझ्या या डोक्यावर चढतो, मग तुमच्या. अपशकुन असेल तर काढा सगळे."

तोकोनने दचकून कल्पाक काढला. त्याचं बघून बाकीच्यांनीही काढले. मग सगळे अडकले. आमच्याकडे कल्पाक जमिनीवर ठेवत नाहीत, परक्याच्या हातात देत नाहीत, आणि बोडक्या डोक्याने चारचौघांत उभं राहत नाहीत. भर उन्हात इतकी टकली एकदम चमकली, की पलीकडच्या खोऱ्यातल्या लोकांना वाटलं, तळं फुटलं.

शेवटी तोकोनने आपला कल्पाक परत घातला, ओढून कानापर्यंत घेतला आणि घोड्यांकडे बघत म्हणाला, "ऊन चढतंय. जा आता."

बुरुल निघाली. माफी कोणी मागितली नाही, तिने वाट पाहिलीही नाही.

मित्रांनो, घरात जुना कल्पाक असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. कोणी तो घालू पाहत असेल, तर नीट बसतो का एवढंच बघा. सैल होत असेल तर आतून पट्टी शिवता येते. बुरुलने माझ्यात शिवली आहे, आणि तिच्या डोक्यावरून मला खालचं कुरण आत्ता अगदी स्पष्ट दिसतंय.