आमची काही हरकत नाई

"साम्राज्ये तलवारीवर नव्हे, समासावर उभी राहतात, आणि समासावरच कोसळतात."

हे उद्गार आमच्या धान गिरणी सहकारी संस्थेचे व्यवस्थापक प्रफुल्लबाबू यांचे. ते काढले तेव्हा बाबू बनियनवर होते, हातात शाळकरी पट्टी होती आणि टेबलावरच्या एका कागदाचा डावा समास ते मोजत होते. समास दीड इंच भरला. त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा मोजला. दीडच.

बनियनचं कारण मे महिना. आरमोरीच्या बाजूला मे महिन्यात माणूस अंगावर फक्त पद ठेवतो. शिवाय ऑफिसात कूलर नव्हता, आणि कागद नेमका त्याबद्दलच होता.

कागद निनावी होता, अध्यक्षांच्या नावानं पोस्टानं ऑफिसात आलेला आणि बाबूंनीच आधी फोडलेला. संस्थेचा कूलर व्यवस्थापकांनी एप्रिलमध्ये दुरुस्तीच्या नावाखाली स्वतःच्या घरी नेला. तो अद्याप दुरुस्तच होत आहे. सदर कूलरला दिवसाला आठ बादल्या पाणी लागते. तरी चौकशी व्हावी.

"आतल्याच माणसाचं काम हाय," बाबू म्हणाले. "दीड इंच समास. वरतं निळं शीर्षक. 'विषय'च्या खाली दोन रेघा. असा कागद काढणारी बाई एकच हाय."

ती बाई म्हणजे रंजीता, संस्थेची कॉम्प्युटर ऑपरेटर. कुरखेड्याहून लग्न होऊन आलेली. या खुर्चीआधी तिनं सात ठिकाणी अर्ज केले होते आणि सहा ठिकाणांहून नकारसुद्धा आला नव्हता. तिचा करार अकरा महिन्यांचा, एकतीस मेला संपणारा. पुढच्या करारावर सही करणार होते प्रफुल्लबाबू.

समासाचं म्हणाल तर बाबूंचं खरं होतं. रंजीता कामावर आली तेव्हा प्रत्येक पत्राला तीच हमाली असायची. अक्षर निवडा, समास ओढा, शीर्षक मधोमध आणा. तिसऱ्या दिवशी ती कंटाळली. एका कोऱ्या पानावर तिनं सगळं एकदाच ठरवलं आणि ते टेम्पलेट म्हणून असं बसवून टाकलं, की नवी फाईल उघडली की ती नटूनथटूनच समोर यायची. संस्थेची बारा आणे पत्रं ना-हरकत दाखल्याची, म्हणून पानाच्या पायथ्याशी, फिकट बारीक अक्षरात, एक ओळही कायमची घातली: 'याबाबत आमची काही हरकत नाई.' तिला 'नाही' लिहायचं होतं. पण बोलण्यात आमच्याकडे सगळे नाईच म्हणतात, त्यामुळे दहा महिने ते कुणाच्या डोळ्यात खुपलं नाही. पायथा वाचतो कोण?

शिपाई लहानूनं 'टेम्पलेट'चं 'टेंपल' ऐकलं. "मॅडमनं कॉम्प्युटरात टेंपल बसवलं," असं तो गावभर सांगून आला आणि दुसऱ्या दिवसापासून सीपीयूवर जास्वंदीचं एक फूल वाहू लागला. रंजीतानं त्याला दोनदा समजावलं. तो "हव जी" म्हणाला आणि फुलं दोन केली.

अर्ज आल्यापासून मात्र ऑफिसची हवा फिरली. बाबू प्रिंटरचे कागद मोजून कपाटात ठेवू लागले. पाण्याला उठले तरी रंजीताच्या पाठीमागून वळसा घालून जायचे.

"कोणाले लिहून राह्यल्या?"

"तुमचंच पत्र टाइप करून राह्यली जी. बारदान्याचं."

"वाचा बरं."

ती वाचायची. बाबू डोळे मिटून ऐकायचे.

"हं. असीच शांत भाषा हाय त्या अर्जात."

लहानू चहा ठेवताना थांबला तरी बाबू विचारत, "का ऐकून राह्यला?" पुढे लहानू चहा ठेवून पळतच सुटायचा, तेव्हा विचारत, "पळून काऊन गेला?"

शेवटी बाबूंनी रंजीताला कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरवलं. अडचण एकच. ऑफिसात टाइप करणारी तीच. तिची नोटीस तिच्याचकडून टाइप करून घ्यावी, असं एक क्षण त्यांच्या मनात आलं होतं, असं लहानू सांगतो. पण गुप्तता राखायची म्हणून ते भर उन्हात चौकातल्या पियुषच्या ऑनलाइन सेंटरवर गेले, तीन माणसांच्या रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं मजकूर सांगून आले. संध्याकाळपर्यंत नोटीस रंजीताच्या सासूलाही पाठ होती.

रंजीतानं ती घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचली. आधी रडली. चौथ्या वाचनात तिची नजर पायथ्याला गेली आणि रडणं अर्ध्यात थांबलं.

सोमवारी बैठक. अध्यक्ष वारलूभाऊ, जुने धान शेतकरी. एकदा न वाचता सही केली आणि त्यांच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, मधोमध विजेचा खांब उभा राहिला. तेव्हापासून ते कुठलाही कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, बोट ठेवून, मोठ्यानं वाचतात.

"भाऊ," रंजीता म्हणाली, "पह्यले तो अर्ज वाचा. पार खालपर्यंत."

वारलूभाऊंचं बोट निघालं. कूलर झाला, बादल्या झाल्या, चौकशी झाली, बोट पायथ्याला पोचलं.

"'याबाबत आमची काही हरकत नाई.' आं? हरकत नाई त मंग अर्ज काऊन केला बाप्पा?"

"आता माही नोटीस वाचा."

"'...आपणास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. याबाबत आमची काही हरकत नाई.'" वारलूभाऊंनी चष्म्यावरून बाबूंकडे पाहिलं. "प्रफुल्ल, तुही हरकत नाई?"

बाबूंनी नोटीस ओढून घेतली. तोवर रंजीतानं पिशवीतून आणखी दोन कागद काढले होते. शाळेचा: 'सतत गैरहजर विद्यार्थ्याचे नाव कमी करण्यात येईल. याबाबत आमची काही हरकत नाई.' वनसमितीचा: 'पहाटे मोहफूल वेचण्यास एकट्याने जाऊ नये, नाल्यात वाघीण आहे. याबाबत आमची काही हरकत नाई.'

"वाघिनीची तरी कुठी हरकत हाय," वारलूभाऊ म्हणाले.

"टेम्पलेट चांगलं दिसते म्हणून पेनड्राइव्हवर नेलं जी लोकायनं," रंजीता म्हणाली. "शाळेनं नेलं, वनसमितीनं नेलं, पियुषभाऊनं नेलं. महिला बचत गटानंही नेलं. अर्ज त्यातल्या कोणीही केला असंल. दीड इंच म्हणजे मीच कसी?"

"म्हणजे आख्खा गाव संशयित!" बाबू उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती, पण थोडं समाधानही होतं. "बचत गटातून कोण आलं होतं? नाव सांगा."

"अध्यक्षच आल्या होत्या," रंजीता म्हणाली. आणि जरा थांबून, "अन्नपूर्णावहिनी."

अन्नपूर्णावहिनी म्हणजे बाबूंची बायको. बाबू खाली बसले.

"बचत गटाचा न् कूलरचा का संबंध?" ते म्हणाले, पण आवाज निम्म्यावर आला होता.

तेवढ्यात लहानू चहा घेऊन आला. दारामागून ऐकत होता, हे त्यानं लपवलंही नाही.

"आठ बादल्या लिहिलंय का जी? चूक हाय. इथी होता तवा मीच भरो. चारच लागे."

"मंग आठ कुठी लागतेत?" वारलूभाऊंनी विचारलं.

कूलर ऑटोतून घरी नेताना त्याची टाकी तळाशी चिरली होती, म्हणून पाणी दुप्पट लागायचं. हे दोघांनाच माहीत असणार: ज्यानं नेला त्याला, आणि रोज जी भरते तिला. प्रफुल्लबाबूंनी आयुष्यात बादली उचललेली नाही, याला गल्ली साक्ष आहे.

"चौकशी बंद करा," बाबू म्हणाले.

"काऊन? आता त कुठी रंगात आली," वारलूभाऊ म्हणाले. मग त्यांनी बाबूंचा चेहरा पाहिला, स्वतःच्या बायकोची आठवण काढली आणि बैठक संपवली.

मंगळवारी कूलर हातगाडीवरून परत आला, तळाला एम-सीलचा जाड लेप लावून. दुपारी बाबूंनी रंजीताला आत बोलावलं आणि दार लावायला सांगितलं. बाहेर लहानूनं दाराला कान लावला.

बाबूंनी नव्या कराराचा कागद पायथ्यापर्यंत वाचला. सही केली. तो तिच्याकडे सरकवला, पण बोट त्यावरून उचललं नाही. खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"एक काम होतं."

"बोला जी."

"ते तुमचं टेम्पलेट... अक्षर थोडं मोठं करून भेटंल का? घरी तिले बारीक दिसत नाई म्हणते."