टेबल भरती झाला

मी बाळंतपणाचा टेबल बोलतोय. व्याकरणाच्या गुरुजींनी मला 'ते टेबल' म्हटलं असतं, पण आमच्या नागपूरकडे टेबल हा 'तो' असतो, आणि मीही स्वतःला तोच समजतो. बाळंतपणाचा म्हटल्यावर काही पुरुष वाचक पान उलटतील. उलटोत बापडे. पण तुम्हीही कुठल्यातरी टेबलावर नाहीतर गोधडीवरच जगात आलात. थेट खुर्चीत बसून कोणी आलेलं नाही.

माझा जन्म हिंगण्याच्या एका शेडमधला. वेल्डिंगवाल्यानं मला चार पाय खाली लावले, उभं राहायला, आणि दोन आधार वर लावले, बाळंतिणीचे पाय टेकवायला. हिरवी गादी बसवली. मग टेम्पोत घालून मला गावाकडे धाडलं. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांजवळून जाताना अंगभर राख बसली. मला वाटलं, मोठ्या कामाला निघालोय म्हणून पावडर लावली असेल.

चारगोटी नावाच्या लहानशा गावात नवं आरोग्य उपकेंद्र बांधलं होतं. तिथे माझं स्वागत झालं, रिबीन कापली, पेढे वाटले. पेढ्यांचा डबा माझ्यावरच ठेवला होता. माझं पहिलं काम ते, आणि पुष्कळ काळ शेवटचंही. कारण थोड्याच दिवसांत तिथल्या सिस्टरांना तालुक्याच्या दवाखान्यात 'तात्पुरतं' बोलावून घेतलं. सरकारी तात्पुरतं किती काळ टिकतं, हे मी कुलपाच्या आत राहून शिकलो.

किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे होती. त्याचं नाव कवडू. माणूस मायाळू, पण झोपाळू. दुपारी तो कुलूप उघडायचा, माझ्यावर ताणून द्यायचा. माझ्या एका आधाराला त्याची छत्री, दुसऱ्याला जेवणाचा डबा. उन्हाळ्यात त्याच्या बायकोनं माझ्यावर मिरच्या वाळवल्या, तेव्हा मला ठसका लागला नाही एवढंच.

माझ्यावर पहिलं बाळंतपण झालं ते खिडकीतून आत शिरलेल्या भुऱ्या मांजरीचं. कवडूनं तिला दूध ठेवलं आणि गावभर सांगत सुटला की आपल्या दवाखान्यात जच्चा-बच्चा खुशाल आहेत. लोक पोटभर हसले. पिंकी मात्र हसली नाही.

पिंकी म्हणजे इंदुताईंची सून. तिचा पहिला मुलगा भाड्याच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये जन्मला, तालुक्याच्या रस्त्यावर, एका बंद ढाब्यासमोर. त्याचं नाव आयुष, पण सगळं गाव त्याला 'काळीपिवळी' म्हणतं. नाव गमतीचं आहे. ती वेळ गमतीची नव्हती. जीपची सीट रक्तानं भिजली होती आणि पिंकीचे डोळे फिरले होते. आता ती पुन्हा गरोदर होती. येता-जाता ती खिडकीच्या जाळीतून माझ्याकडे बघायची. मी कुलपात, ती बाहेर. बघण्यापलीकडे दोघांच्याही हातात काही नव्हतं.

इंदुताई बचत गटाच्या अध्यक्ष. आवाज असा, की त्यांनी ओट्यावरून हाक मारली तर शेजारच्या गावातली बाई ओ देते. त्यांनी निवेदनं दिली, साहेबांना भेटल्या, ग्रामसभेत उभ्या राहिल्या. सगळीकडे त्यांना चहा मिळाला. सिस्टर मिळाली नाही.

अशात मयुरा सुटीला गावी आली. गावचीच मुलगी, नागपुरात समाजकार्य शिकते. सोबत तिची खोलीतली मैत्रीण होती, आफ्रिकेतल्या मलावी देशाची. तिचं नाव चिम्वेम्वे. गावानं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा ती चिमीताई झाली. मराठी ती सीताबर्डीच्या दुकानदारांशी घासाघीस करत शिकली होती, त्यामुळे तिचं बोलणं नेहमी भाव पाडल्यासारखं वाटायचं.

बायका उपकेंद्राच्या ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, तेव्हा चिमीताईनं जाळीतून मला पाहिलं आणि विचारलं, "हा काहून आतमंदी कोंडला?"

इंदुताईंनी सगळी कथा ऐकवली. ती ऐकून चिमीताई हसायला लागली. मग तिनं तिच्या आईची गोष्ट सांगितली. आईचं नाव एस्नात. त्यांच्याही गावात दवाखाना होता, खाट होती, औषधं देणारं कोणी नव्हतं. बाया दर रविवारी चर्च सुटलं की दवाखान्याच्या पायरीवर बसून गाणी म्हणायच्या. गाण्यांनी काही हललं नाही, तेव्हा त्यांनी ती लोखंडी खाट डोक्यावर घेतली आणि जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्याकडे चालायला लागल्या.

"रस्त्यात लोक विचारे, कोण मेलं?" चिमीताई म्हणाली. "माही आई सांगे, आतापर्यंत कोणीच नाही, म्हणून तं जाऊन राहिलो. मंग दवाखान्यात खाट ठेवली अन् बोलली, हे खाट बिमार आहे, भरती करा."

तूर निवडणारे हात थांबले. इंदुताई उठल्या, आत झोपलेल्या कवडूला माझ्यावरून उठवलं आणि ट्रॅक्टर सांगायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी माझी मिरवणूक निघाली. ट्रॉलीत मला आडवं बांधलं, अंगावर चादर, डोक्याशी उशी. कवडूनं सलाइनची रिकामी बाटली माझ्या आधाराला लटकवली. माझ्याभोवती बायका, त्यांत पिंकीही, मागे सायकली. वाटेत लोक विचारायचे, कोण बिमार आहे? बायका म्हणायच्या, टेबल. काहींनी हात जोडले.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी चादर वर केली आणि पुन्हा खाली टाकली. मग आरोग्य खात्याचे साहेब आले. त्यांनी घाम पुसत विचारलं, की याला झालंय काय?

इंदुताई पदर खोचून म्हणाल्या, "चार वर्सं झाले साहेब. अंगानं धडधाकट हाये, पर एक बाळंतपण नाही झालं याच्यानं. तुमी तपासा, काय कमी हाये ते सांगा. आमाले वाटते, याले सिस्टर पाह्यजे."

साहेब वाईट नव्हते. त्यांच्याकडे सिस्टर कमी आणि गावं जास्त. पण साहेबांनी विचार केला आणि हसून म्हणाले, "चांगलं केलं तुम्ही आणला. आमच्याकडे टेबल कमीच होता. ठेवून घेतो."

दोन वॉर्डबॉयनी मला उचललंसुद्धा. इंदुताईंनी सावकाश मान वळवून चिमीताईला विचारलं, की तुझ्या आईच्या खाटेचं पुढे काय झालं?

"ते पण ठेवून घेतली होती," चिमीताई म्हणाली. "भौत दिवस."

"हे आधी सांगायचं नाही का वं?"

"तुमी विचारलंच नाही."

मला वाटलं, झालं. गाव सुटलं. पिंकीच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना. पण मयुरा चिमीताईला म्हणाली, मग तुझी आई परत गेली का? चिमीताई म्हणाली, छे, पेशंटला एकटं सोडून कोण जातं?

हे मात्र आमच्या लोकांना चटकन कळलं. आपल्याकडे पेशंट एक असला तर नातेवाईक वीस असतात. बायकांनी मला वऱ्हांड्यात ठेवायला लावलं आणि भोवती सतरंज्या अंथरल्या. पाळ्या लागल्या. गावाहून डबे आले. भेटीच्या वेळेला माणसं संत्री घेऊन यायची, माझ्या पायथ्याशी ठेवायची, 'रंग जरा उतरला' म्हणायची आणि माझ्या नावानं आणलेली संत्री स्वतःच सोलून खायची. कवडू तर माझ्या उशाशी बसून गळा काढायचा. तो नाटक करत नव्हता. त्याला दुपारची झोप मिळत नव्हती.

संध्याकाळी चिमीताई एस्नातबाईंच्या गाण्याची चाल धरायची आणि इंदुताई त्यात आपले शब्द भरायच्या. साहेबांचा ड्रायव्हर ती चाल गाडीत गुणगुणायला लागला, तेव्हा साहेबांनी म्हणे पहिल्यांदा कपाळाला हात लावला.

खरी गंमत पुढे झाली. वॉर्डातल्या खऱ्या पेशंटांचे नातेवाईक बघायला आले. शेजारच्या गावचा एक म्हातारा मला न्याहाळून म्हणाला, की आमच्याकडे लसीचा फ्रिज आहे, तोही अंथरुणाला खिळलाय. दुसऱ्या दिवशी फ्रिज आला, बैलगाडीतून, शाल पांघरून. मग कुठून तरी बाळांचा वजनकाटा आला. मग एक स्ट्रेचर आलं, त्याला दुसऱ्या स्ट्रेचरवर घालून आणलं होतं. बघता बघता वऱ्हांड्यात आमचाच एक वॉर्ड झाला. फ्रिज माझ्या शेजारी. तो फार बोलत नसे, पण रात्री बायका गायला लागल्या की त्याचं दार आपोआप उघडायचं.

जिल्ह्याहून मोठे साहेब आले, तेव्हा त्यांना आत शिरायला वाट नव्हती. इंदुताईंनी त्यांना संत्रं दिलं आणि पिंकीला पुढे उभं केलं. पिंकी एरवी चारचौघांत बोलत नाही. ती म्हणाली, "साहेब, जीपमंदी मी मेल्ती समजा. आता दुसऱ्यांदा मराले मले जीप नाही पाह्यजे. दवाखाना गावात आहे, त्याचं दार उघडून द्या."

कोणी हसलं नाही. मोठ्या साहेबांच्या हातातलं संत्रं सोलायचं राहून गेलं.

त्यानंतर मला सुट्टी झाली. चारगोटीला दामिनी सिस्टर मिळाल्या. फ्रिजच्या गावाला अर्ध्या सिस्टर मिळाल्या, म्हणजे आठवड्यातले काही दिवस. स्ट्रेचरवाले अजून वऱ्हांड्यातच आहेत, आणि चारगोटीच्या बायका अधूनमधून त्यांना डबा देऊन येतात. सगळं एका फटक्यात होत नाही, असं एस्नातबाईंनी फोनवर सांगितलं म्हणे.

दामिनी सिस्टरांनी पहिल्याच दिवशी मला साबणानं घासलं. मिरच्यांचे कण निघाले, मांजरीचे केस निघाले, कवडूची हरवलेली तंबाखूची डबी निघाली. आणि मग एका पहाटे पिंकी माझ्यावर आली. तिनं माझी कड इतकी घट्ट धरली की वेल्डिंग सुटतं की काय वाटलं. मी चारही पाय रोवून उभा राहिलो. मुलगी झाली. तिचं ते पहिलं रडणं ऐकून कवडू बाहेरच्या ओट्यावर खडबडून जागा झाला. इंदुताईंनी ओट्यावरून हाक दिली, आणि शेजारच्या गावातल्या बाईनं ओ दिली.

माझं म्हणणं एवढंच. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत माझा एखादा भाऊबंद कुलपाआड पडला असेल. जाळीतून डोकावून बघा. तो ठणठणीत दिसत असेल, पण तो आजारी असतो. आणि आजाऱ्याला भेटायला एकट्यानं जाऊ नका, पाच-पन्नास बाया सोबत न्या.

पूर्वी माझ्याकडे बोलायला दिवसच्या दिवस असायचे. आता बाहेर कुणीतरी कण्हत पायऱ्या चढतंय, दामिनी सिस्टर हात धुताहेत, आणि माझ्यावर स्वच्छ चादर पडतेय. येतो मी.