हत्तीचा खटका

रविवारी सकाळी रेडिओतली खरखर एकदम थांबली की उत्तमराव भिंगारदिवे पाठ ताठ करून बसायचे. खरखर थांबली म्हणजे कुणीतरी आलं. बोललं नसलं तरी आलं. एएमची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या वायरलेसची, मजाच ही. दारात उभं राहून कुणी घसा साफ करावा, तसं माणसाचं येणं त्याच्या शब्दाआधी कळतं.

उत्तमराव लष्कराच्या सिग्नलमधून हवालदार म्हणून सुटले आणि केडगावात, पुणे रोडपासून थोडं आत, घर बांधून राहिले. नगरच्या हॅम मंडळात ते पहिल्यापासून. हॅम म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, लायसन काढून, घरबसल्या वायरलेसवर बोलणारी हौशी माणसं. बाकीचे हॅम केव्हाच जपानी सेटवर गेले होते. नगरचं मंडळ मात्र हट्टानं जुन्या एएमवर बसलेलं. काचेचे वाल्व्ह, मणामणाचे ट्रान्सफॉर्मर, डिस्पोजलच्या लिलावात उचललेला लष्करी माल. लहर ठरवणारं क्रिस्टल सगळ्यांकडे एकाच मापाचं, म्हणजे बोलायची जागा सगळ्यांना मिळून एकच. बाजूला सरकायची सोय नाही. एकाचा बोलायचा खटका वर असला की बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं. त्याला टोकता येत नाही, थांबवता येत नाही, कारण खटका वर असेपर्यंत त्याचा स्वतःचा रेडिओ मुका असतो.

एअरवर सगळे एकमेकांना ओएम म्हणत. ओल्ड मॅन. वीस वर्षांचा पोरगाही ओएम आणि सत्तरीचा म्हाताराही ओएम. राजकारण बोलायचं नाही, धर्म बोलायचा नाही, धंदा बोलायचा नाही, हा लायसनचाच नियम. त्यामुळे मंडळातले लोक छाती फुगवून सांगायचे, आमच्यात जातपात नाही. दिसणार कुठून? तिचं नाव काढायलाच बंदी होती.

मंडळाचा एक मोठा सेट होता. हिरव्या रंगाचा, कपाटाएवढा, चौघांनी उचलायचा. त्याला सगळे हत्ती म्हणत. हत्ती वर्षभर एकाच्या घरी राहायचा आणि दसऱ्याला हळदकुंकू लावून घेऊन दुसऱ्याच्या घरी जायचा. ज्याच्या घरी हत्ती, त्यानं रविवारची सभा उघडायची, एकेकाला नावानं पुकारायचं. महिन्याची बैठकही त्याच्याच घरी, चहापोह्यांसकट. हत्ती देवळाली प्रवरेला गोरक्षच्या उसातल्या घरी गेला. टेम्पोत बसून घाट चढून भंडारदऱ्याला सहादेवकडे गेला. सावेडीत अध्यक्ष शरच्चंद्रपंतांकडे तर तो माहेरी आल्यासारखा पुन्हापुन्हा जायचा.

केडगावला कधी आला नाही.

एकदा पंत म्हणाले, "तुमच्याकडे व्होल्टेज पडतं हो." एकदा म्हणाले, "अर्थिंग कच्ची आहे." एकदा तर गोड हसून म्हणाले, "दसऱ्याला तुम्ही नागपूरला, दीक्षाभूमीवर असता. सेट उतरवून कोण घेणार?" पुढच्या दसऱ्याला उत्तमराव नागपूरला गेलेच नाहीत. कळत्या वयापासून पहिल्यांदा. त्या वर्षी पंतांना त्यांचा पत्रा गळका वाटला.

यंदा उत्तमरावांनी एकही कारण शिल्लक ठेवलं नव्हतं. स्लॅबची खोली बांधली. स्टॅबिलायझर आणला. मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा खड्डा भरला, गच्चीवर एरियलला दोन पाइप उभे केले. बायको, चांगुणाबाई, रोज त्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणायची, "पोरगं पुण्यात भाड्याच्या खोलीत ऱ्हातंय, आन हितं हत्तीला स्लॅब! नीट इचारून घ्या, त्याला चुना आवडंल का डिस्टेंपर."

"यंदा येणार," उत्तमराव म्हणायचे. "पंतांनी स्वतः सांगितलंय."

एवढीच गोष्ट त्यांना हवी होती. एकदा हत्ती आपल्या दारातून आत यावा. त्यात वेडगळ काय होतं? वीस वर्षं इतरांच्या घरी हत्ती उचलून नेऊन त्यांचा खांदा झिजला होता.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. हत्ती सावेडीत पंतांकडेच होता. पंत तारखात्यातून निवृत्त झालेले, आवाज खर्जातला, एएमवर तो असा यायचा की खुर्ची हलावी. त्यांनी सभा उघडली, हवापाण्याचं बोलले आणि म्हणाले, "आता पुकारा सुरू करतो, ओएम. एक मिनिट."

खरखर काही परत आली नाही. म्हणजे खटका वरच होता. खटका वर असला की लागणारा हत्तीवरचा लाल दिवा महिनाभर गेलेला, पंतांनी बदलला नव्हता. बायकोनं हाक मारली असेल आणि पंत खटका खाली न करताच वळले. ही चूक जुन्या सेटवरच होते, आणि ज्याची होते त्याला सोडून सगळ्यांना कळते.

"अहो," दमयंतीबाईंचा आवाज केडगावच्या खोलीत आला. "हे लोखंड कधी जातंय माझ्या घरातून? त्या उत्तमरावांकडे जाणार होतं ना?"

"जातंय कसलं," पंत म्हणाले. "त्या माणसानं पंचाईत करून ठेवलीय. स्लॅब घातला, अर्थिंग घातली. आता काय सांगू, भिंत ओली आहे?"

"मग द्या की."

"देऊ? मग बैठक दर महिन्याला त्यांच्याकडे. चहा आला, पोहे आले. धवल स्पष्ट म्हणाला, पंत, मला नाही जमणार, आई विचारेल कुठं खाऊन आलास. बाकीचे बोलत नाहीत एवढंच. आणि त्या घरात सेटला हळदकुंकू कोण लावणार? भिंतीवर फोटो कुणाचा असतो, माहितीय ना?"

"माणूस चांगला आहे हो."

"चांगलाच आहे. तिथंच तर अडतंय. वाईट असता तर कधीच सांगून मोकळा झालो असतो."

चांगुणाबाई परातीत पीठ मळत होती. तिचे हात थांबले. उत्तमराव रेडिओकडे बघत बसले. त्यांच्या हाताशी त्यांचा स्वतःचा छोटा सेट होता, वाल्व्ह तापलेले होते, माईक समोर होता. खटका वर केला असता तरी काय? सावेडीचा कान बंद. रेडिओ बंद करावा तर हात उठेना. आपल्याबद्दल कुणी बोलतंय आणि आपण दाराआड उभे, अशी वेळ माणसावर येते. पण तिथून निदान पळता तरी येतं. इथं दार त्यांच्याच घरातलं होतं. आणि ते एकटे ऐकत नव्हते. देवळालीत गोरक्ष ऐकत होता, भंडारदऱ्यात सहादेव ऐकत होता, सावेडीतच दोन गल्ल्या सोडून मंडळातला धवल स्वतःचं नाव ऐकत होता. सगळे एका क्रिस्टलला बांधलेले.

मग पंतांचा हात सवयीनं खटक्यावर गेला असावा. खट् झालं. खरखर परत आली.

खट्. "हां, ओएम, चला. पुकारा. गोरक्ष, देवळाली प्रवरा. कसा ऐकू येतोय?"

आपलं बोलणं बाहेर गेलं, याचा पंतांना पत्ताच नव्हता.

"पाच-नऊ, पंत," गोरक्ष म्हणाला. पाच-नऊ म्हणजे आवाज लख्ख, पैकीच्या पैकी. एरवी हा माणूस रिपोर्टाआधी दोन विनोद मारायचा. "एकदम क्लियर. जरा गुणगुण हाय, बाकी क्लियर."

"सहादेव, भंडारदरा?"

"पाच-नऊ. इकडं धुकं आहे."

"धवल?"

"पाच-नऊ, सर. छान मॉड्युलेशन."

छान मॉड्युलेशन! एकाच्याही तोंडून निघालं नाही, की पंत, खटका वर राहिला होता, आम्ही सगळं ऐकलं. कुणाला लाज वाटली असेल, कुणाला नुसतं अवघडल्यासारखं झालं असेल. तोंडातून मात्र सगळ्यांच्या एकच आकडा.

"उत्तमराव, केडगाव?"

उत्तमरावांनी खटका वर केला. चांगुणाबाई पिठाच्या हातानं येऊन मागं उभी राहिली होती.

"पाच-नऊ," ते म्हणाले. "प्रत्येक शब्द कळला, ओएम."

"धन्यवाद, धन्यवाद," पंत खूश होऊन म्हणाले.

रेडिओ बंद झाल्यावर चांगुणाबाई म्हणाली, "येवढंच?"

"एअरवर तसलं बोलता येत नाही. लायसनचा नियम आहे."

"आन ते काय बोलले? ते कुठल्या नियमात बसलं?"

"त्यांना माहीत नव्हतं खटका वर आहे."

"म्हंजी खटका खाली असला की बोलायला चालतं. लई भारी नियम हाय तुमचा." ती परातीकडे गेली आणि पिठाला अशी बुक्की मारली की परात वाजली.

त्या दुपारी गोरक्षनं पंतांना फोन करून खटका वर राहिल्याचं सांगितलं असावं. कारण दसऱ्याला, न सांगता न विचारता, हत्ती आला.

टेम्पोतून आला, हार घालून. सोबत सगळं मंडळ. पंत फाटकात उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "उत्तमराव म्हणजे आमचे बंधूच!" आजूबाजूची चार माणसं बघायला आली. हळदकुंकू टेम्पोतच लावून आणलं होतं, म्हणजे घरात प्रश्न नको. चौघांनी हत्ती नव्या खोलीत ठेवला. धवलनं चहा मागून घेतला. एक कप प्यायला, दुसरा मागितला, तोही सगळे बघतायत ना हे बघत प्यायला. "वहिनी, चहा फर्स्टक्लास," म्हणाला. चांगुणाबाईनं त्याचा रिकामा कप उचलला.

त्या रविवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माफी तर लांबच. जाताना पंतांनी उत्तमरावांच्या पाठीवर हात ठेवला. "आता झालं ना समाधान?"

उत्तमरावांना तेव्हा कळलं आपल्याला कुठं धरलंय ते. हत्ती परत पाठवावा, तर उद्या गावभर सांगणार, आम्ही देत होतो, यांनाच नको होता, या लोकांचं हे असंच. ठेवून घ्यावा, तर विषय मिटला. चहा प्यालो, कप उष्टे केले, आता काय राहिलं? ज्या गोष्टीसाठी वीस वर्षं काढली, तीच तोंडात बोळा कोंबावा तशी आणून कोंबली होती. ते म्हणाले, "झालं." दुसरं काय म्हणणार? टेम्पो गेला.

खोलीत हत्ती उभा राहिला. दार पुरं उघडेना. फोटोच्या भिंतीला तो इतका चिकटला की चांगुणाबाईला बाबासाहेबांच्या फोटोला फूल वाहायला अंग चोरून जावं लागलं. "चांगला पाव्हना हाय," ती म्हणाली. "आपल्याच घरात आपणच तिरपं व्हायचं."

उत्तमरावांनी हत्ती पुसला. पहिलं काम केलं ते लाल दिवा बदलण्याचं.

रविवार उजाडला. आता सभा त्यांनी उघडायची होती. नावं त्यांनी पुकारायची. गोरक्ष कसे आहात, सहादेव धुकं आहे का, धवल आवाज कसा येतोय. आणि सगळे म्हणणार पाच-नऊ. वर्षभर. दर रविवारी तोच गोडवा स्वतःच्या तोंडानं वाढायचा. नाही उघडली सभा तर मंडळ मुकं, आणि मंडळ मुकं केल्याचा ठपका केडगाववर. त्यांनी मेन चालू केला. वाल्व्ह तांबूस झाले.

त्यांनी खटका वर केला.

लाल दिवा लागला. त्यांना ठाऊक होतं, या क्षणी देवळालीत, भंडारदऱ्यात, सावेडीत खरखर थांबली असेल. सगळे पाठ ताठ करून बसले असतील.

"नमस्कार, ओएम," ते म्हणाले. लायसनवरची कॉल साईन सांगितली. गोरक्षचं नाव जिभेवर येईना. दिवा जळत राहिला.

चांगुणाबाई पदराला हात पुसत आत आली. दिव्याकडे बघितलं. "चालू हाय?"

"हाय," उत्तमराव म्हणाले. आयुष्यभर माईकपुढं ‘आहे’ म्हणणारा माणूस.

"ऐकत्यात समदे?"

"ऐकतायत."

"आन उलटं बोलता येत न्हाई त्यांना?"

"मी हा खाली करेपर्यंत नाही."

तिच्याजवळ लायसन नव्हतं. तिचा एक शब्द गेला आणि कुणी तक्रार केली, तर सरकार उत्तमरावांचं लायसन काढून घेऊ शकत होतं, आणि ती तक्रार कोण करेल याचीही त्यांना कल्पना होती. त्यांचा हात खटक्यावर गेला. सवयीनं गेला. गोड बोलून सोडून द्यायची वीस वर्षांची सवय.

चांगुणाबाईनं स्टूल ओढलं आणि हत्तीला पाठ लावून बसली.

"मग ऱ्हाऊ द्या वर," ती म्हणाली.

उत्तमरावांनी हात काढून घेतला आणि माईकचं तोंड तिच्याकडे वळवलं.