अंगाचा स्पंज

मिस्त्रींच्या तोंडून त्रेपन्न दिवसांनी पहिला शब्द फुटला तो आंघोळीच्या वेळी, आणि तोही रागाचा.

सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणायची. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. त्यांच्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, आणि हाताखालचा माणूस चुकला तर त्याची धडगत नसायची. जीभ अशी, की थापीचा मार परवडला. मग एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि ती जीभच बंद झाली. समजायचं सगळं. पण तोंडातून निघायचं ते नुसतं "ब... ब..."

धाकटा मुलगा बस चालवायचा. बापाचा धंदा सोडून त्याने स्टिअरिंग धरलं म्हणून मिस्त्री त्याला टोमण्याने 'ड्रायव्हर' म्हणायला लागले आणि घरादारात तेच त्याचं नाव पडलं.

बोलणं शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्यांच्याकडे चित्रांचे पत्ते होते : कंगवा, किल्ली, कप, स्पंज. "हे काय आहे, मिस्त्री?" त्या एकेक पत्ता धरून विचारायच्या. मिस्त्रींच्या कपाळावर घाम यायचा, ओठ थरथरायचे, शब्द मात्र येता येत नसे. शेवटी ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. त्यातलं स्पंजाचं चित्र तर इतकं धन्य होतं, की आई एकदा म्हणाली, "अहो बाई, हा पाव आहे का? मलाच ओळखू येत नाही, ते काय सांगणार!"

तर त्या दिवशी मिस्त्रींना आंघोळ घालणाऱ्या मावशी आल्या नाहीत. आईची कंबर धरलेली. ड्रायव्हरने शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"त्यात काय एवढं? रोज एवढी मोठी गाडी धुतो, बाप नाही धुता येणार?"

त्याने वडिलांना मोरीत खुर्चीवर बसवलं, आंघोळीचा निळा स्पंज बादलीत बुडवला आणि तसाच ठिबकता उचलून त्यांच्या खांद्यावर थापला. पाण्याचा लोट मानेवरून पाठीत गेला. दुसऱ्यांदा कानात गेला. तिसऱ्यांदा साबणासकट डोळ्यांत. चौथ्यांदा स्पंज वर आला, तोच मिस्त्रींनी डाव्या हाताने त्याचं मनगट करकचून धरलं.

"पिळ!"

ड्रायव्हर जागच्या जागी थिजला. "काय म्हणालात, बाबा?"

"पिळ! पिळ!"

"आई!" तो असा ओरडला, की स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. "आई, बाबा बोलले!"

आई कंबर विसरून धावत आली. हातात झारा तसाच. "काय बोलले? माझं नाव घेतलं?"

"पिळ म्हणाले!"

"अगं बाई!" ती दारातच मटकन बसली आणि रडता रडता हसायला लागली. "अहो, पुन्हा म्हणा ना. एकदाच!"

मिस्त्री साबणात माखलेले, थंडीने कुडकुडत होते आणि ही दोघं त्यांच्याकडे टकामका बघत होती. त्यांनी एवढ्या जोरात "पिळ!" म्हटलं, की शेजारच्यांची खिडकी उघडली.

ड्रायव्हरने स्पंज पिळला. इतका पिळला, की त्यात थेंब उरला नाही. मग वडिलांना कोरडं करून ओल्या हातानेच त्याने डेपोत फोन लावला.

"साहेब, आज येत नाही. वडील बोलले!"

"अरे वा! काय बोलले?"

"पिळ म्हणाले."

"कोणाला?"

"मलाच, साहेब, मलाच!"

दुपारी बाई आल्या, तेव्हा सगळं घर दारात उभं. बाईंनी उत्साहाने स्पंजाचा पत्ता काढला. "मिस्त्री, हे काय आहे?"

मिस्त्रींनी चित्र पाहिलं. ओठ हलले. "ब... ब..." घाम आला आणि मान भिंतीकडे वळली.

आईचा चेहरा उतरला. "सकाळी खरंच बोलले हो," ड्रायव्हर अपराध्यासारखा म्हणाला.

"खोटं कोण म्हणतंय?" बाई पत्ते पिशवीत कोंबत म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "चूक माझी आहे. विचारलं की शब्द अडतो. काम समोर आलं की आपसूक सुटतो. सकाळी त्यांना नाव सांगायचं नव्हतं, तुम्हाला सुधारायचं होतं. यांना काय दिसलं की राहवत नाही?"

"चुकीचं काम," आई आणि ड्रायव्हर एकदमच म्हणाले.

"मग करा चुकीचं काम!"

मोरीच्या दाराशी एक फरशी महिनाभर डगडगत होती. ड्रायव्हरने माळ्यावरून वडिलांची हत्यारांची पिशवी काढली, मिस्त्रींची खुर्ची तिथे ओढली आणि फरशी उचकटली. त्याला मुद्दाम चुकायची गरजच पडली नाही. सिमेंट-वाळूचा माल पातळ झाला. मिस्त्रींच्या भुवया वर चढल्या. फरशी त्याने दाबून बसवली, सांध्यात पांढरं सिमेंट भरलं आणि बोटाने पुसायला गेला. मिस्त्री खुर्चीत पुढे सरकले.

"ना... नाही!"

"दोन," बाई कुजबुजल्या आणि वहीत लिहिलं.

पिशवीतला फरशी पुसायचा स्पंज वाळून दगड झाला होता. ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं, आणि हाताला लागला तो खुंटीवरचा निळा स्पंज ओढून सिमेंटवर टेकवणार, तोच...

"तो अंगाचा!" मिस्त्रींचा आवाज घरभर घुमला. "अंगाचा स्पंज आहे तो, गाढवा!"

मिस्त्रींनाही आपल्याच आवाजाचं नवल वाटलं असावं, त्यांनी डावा हात ओठांवर नेला. मग बाईंनी वही हवेत उडवली, आईने देवाचं आणि डॉक्टरांचं एकाच दमात नाव घेतलं, आणि ड्रायव्हर सिमेंटाने बरबटलेल्या हातांनी वडिलांना मिठी मारून ओरडायला लागला, "गाढवा म्हणाले! बाई, लिहा, गाढवासकट लिहा!"

"अख्खं वाक्य!" बाईंचा आवाज चिरकला. "कुठला स्पंज कशासाठी, तेही बरोबर! पत्त्यांवर सहा आठवडे गेले माझे."

त्यानंतरही सगळं सुरळीत झालं असं नाही. चित्र दाखवलं की मिस्त्री आजही अडतात, आणि कंगव्याचं नाव कधी किल्लीच्या जागी येतं. पण आईने भाजी जाड चिरली की "बारीक" येतं, नळ चालू राहिला की "बंद कर" येतं. बाईंनी पत्ते घरी आणणंच सोडलं. त्या येतात आणि विचारतात, "आज काय बिघडवायचं?"

त्या दिवशी मात्र गडबड ओसरल्यावर मिस्त्रींनी ड्रायव्हरला खूण करून खुर्ची आणखी जवळ घ्यायला लावली. वाकून डावा तळवा नव्याने बसवलेल्या फरशीवर सावकाश फिरवला. एक कोपरा केसभर वर होता. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"काढ," ते म्हणाले.

आणि इतक्या आनंदाने ड्रायव्हरने आयुष्यात कुठलंही काम उचकटलं नव्हतं.