भागीबाईंची चौकशी

"पाणी मिळंल का घोटभर?" नाशिकरोडच्या रेल्वे क्वार्टर्समधल्या सार्वजनिक नळापाशी उभं राहून विमलाबाईंनी विचारलं, आणि चौकशीला सुरुवात झाली.

तहान त्यांना मुळीच लागलेली नव्हती. पण ज्या घराची चौकशी करायची त्या घरी आधी जायचं नाही, शेजारी पाणी मागायचं, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. पंचवटीपलीकडच्या त्यांच्या कॉलनीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की आधी विमलाबाईंना पाठवत. एका प्रसूतिगृहात त्या आया होत्या. बायकांना बोलतं करणं हा त्यांच्या हातचा मळ. सासू भांडकुदळ आहे का, मुलगा पितो का, थोरली सून माहेरी का जाऊन बसली, सगळं त्या नळावरूनच घेऊन येत.

आज काम घरचंच होतं. त्यांची एकुलती एक यशोधरा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजकडून हॉकी खेळायची. आदल्या वर्षी दिल्लीच्या एशियाडमध्ये आपल्या बायकांनी हॉकीचं सोनं जिंकल्यापासून पोरीचं डोकं ठिकाणावर नाही, असं विमलाबाईंचं मत होतं. त्यातच मुंबईहून रेल्वेच्या संघाचं पत्र आलं. या, खेळा, कारकुनाची नोकरी देतो, पण महिन्याभरात रुजू व्हा. म्हणजे कॉलेज सोडा. विमलाबाईंच्या घरात अजून कुणी पदवीधर झालं नव्हतं. नवरा गेला तेव्हा यशोधरा पाच वर्षांची होती, आणि पोरीला बी.ए. करीन असा शब्द त्यांनी त्याला दिला होता. मायलेकी आठ दिवस भांडल्या. शेवटी यशोधराच म्हणाली, "लोकांच्या पोरींसाठी गावं पालथी घालतेस, आता माझ्यासाठी जा. नाशिकरोडला भागी निकाळजे राहतात, त्या त्याच संघातून खेळल्यात. बघून ये. तू म्हणशील तसं करीन."

विमलाबाई निघाल्या होत्या त्या खोट काढायलाच, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

नळावरच्या बायकांनी पाणी दिलं आणि माहितीही दिली. भागीबाई होय? पार्सल ऑफिसात असतात. एकट्याच राहतात. भांडण नाही, तंटा नाही, एका पायानं जरा लंगडतात. वय असेल छत्तीसच्या आसपास. "खेळातच राहिली वो ती, मग लगीन ऱ्हाऊनच गेलं," ठमाबाई नावाची म्हातारी म्हणाली आणि पाहुणीकडं निरखून बघत राहिली. विमलाबाई आपल्या सवयीनं विचारत गेल्या, तब्येत कशी असते, येणंजाणं कुणाचं, स्वयंपाक स्वतः करतात का. कशासाठी विचारतात तसले प्रश्न, हे कुठल्याही बाईला कळतं. ठमाबाई अर्धा भरलेला हंडा तसाच ठेवून कुठं गेल्या, इकडं मात्र विमलाबाईंचं लक्ष गेलं नाही.

भागीबाईंनी दार उघडलं तेव्हा ते लक्षात आलं. नुकतीच घडी मोडलेली जांभळी साडी, पाणी लावून विंचरलेले केस, आणि आतून कांदेपोह्यांचा वास. "जयभीम," म्हणत भागीबाई पाया पडायला वाकल्या. डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून त्यांनी भिंतीचा आधार घेतला. आपल्या चौकशीपायी कुणी घाईघाईनं साडी बदलेल, हे विमलाबाईंच्या ध्यानीमनी नव्हतं.

पोह्यांची बशी हातात आली. भागीबाई खाली बघत म्हणाल्या, "लपवण्यासारखं काही नाही माझं. गुडघा गेलाय, ते आधीच सांगितलेलं बरं."

काहीतरी थाप मारून उठता आलं असतं. विमलाबाईंनी बशी खाली ठेवली.

"बाई, मी चुकले. मी स्थळ घेऊन नाय आले. माझ्या पोरीला तुमच्या टीमनं बोलावलंय. तिला धाडावी का नाय, ते बघाया आले. सरळ तुमच्या दारात यायचं सोडून नळावर इचारत बसले. लय वाईट खोड हाय माझी."

भागीबाईंचा चेहरा उतरला. थोडा वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग बशी उचलून त्यांनी पुन्हा विमलाबाईंच्या हातात दिली. "पोहे तरी खा," त्या म्हणाल्या. "एकटीसाठी करणं होत नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडलं, अकरा वर्षं खेळल्या. बाहेरून परीक्षा देऊ म्हणून पुस्तकं ट्रंकेत घालून कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत फिरवली, एकदाही उघडली नाहीत. गुडघा गेल्यावर पार्सल ऑफिसात आल्या. नोकरी राहिली, तक्रार नाही. पण मागून आलेल्या पदवीवाल्या मुली वर गेल्या आणि त्या होत्या तिथंच राहिल्या.

हवी होती ती खोट विमलाबाईंच्या हाती लागली होती. आता उठायला हरकत नव्हती. पण चौकस माणसाला पुढचा प्रश्न गिळता येत नाही.

"खेळताना बरं वाटायचं का वो?"

"मी राइट विंगला असायचे," भागीबाई म्हणाल्या. "बॉल घेऊन लाइनीलगत सुटले, की घर, दार, गरिबी, काही आठवायचं नाही. कसं सांगू तुम्हाला? वाटायचं, शिट्टी वाजूच नये." आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं विमलाबाईंना वाटलं.

"मग तुमची लेक असती तर?"

भागीबाई म्हणाल्या, "थांबवली असती. पदवी होऊ दे म्हणाले असते. पण पुन्हा बोलावतील याचा भरवसा नाही. आणि नाही बोलावलं तर ती तुम्हाला माफ करायची नाही. तेवढं धरून चला."

परतताना नळावर ठमाबाई वाटच बघत होत्या. काय ठरलं म्हणून त्यांनी विचारलं आणि बाकीच्यांचे हंडे जागच्या जागी थांबले.

"आमच्या नात्यातला मुलगा होता," विमलाबाई म्हणाल्या. "भागीबाईंनीच नाय म्हनलं. त्यांच्या तोलाचा नाय ना तो." वीस वर्षांच्या चौकशांमधली ही त्यांची पहिली खोटी बातमी. ठमाबाईंनी भागीबाईंच्या दाराकडं पाहिलं, ते जरा आदरानंच.

घरी यशोधरा उंबऱ्यातच बसली होती. भागीताई काय म्हणाल्या, हेच तिनं आधी विचारलं. त्यांनीच थांबव म्हणून सांगितलं, एवढं बोलून विमलाबाई सुटल्या असत्या. पण पोरीला रागवायचंच असेल तर तिनं आईवर रागवावं. त्या बाईनं पोहे खाऊ घालून खरं सांगितलं होतं.

"त्यांनी काय बी मनाई केली नाय," त्या म्हणाल्या. "नको म्हनते ती मी. आधी बी.ए. हो."

यशोधरा शब्दाला जागली. भांडली नाही. तिथंच बसून तिनं नकाराचं पत्र लिहिलं, आणि जेवली नाही.

सकाळी ती स्टिक घेऊन सरावाला निघाली, पण चहाला थांबली नाही. विमलाबाईंची त्या दिवशी दुपारपाळी होती. कप घेऊन त्या तिच्यामागं दारापर्यंत आल्या. हाक मारणार, तोच ती धावत सुटली. एरवी या वेळी त्या कामावर असायच्या. आपली पोर पळते कशी, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यावरचा दूधवाला, पिंपळाचा पार, पुढचा चढ, सगळं मागं टाकून ती बघता बघता दिसेनाशी झाली.

"एवढ्या जोरात?" विमलाबाई स्वतःशीच म्हणाल्या. चहावर साय धरली, तरी त्या दारातच उभ्या होत्या.